लॉर्ड ऑफ द रिंग्ज : पुस्तक की पिक्चर?
मी आधी पिक्चर बघितले मग पुस्तक वाचलं, आणि सगळ्यात जास्त धक्का गोंडोर राज्याचा सेनानी फॅरामिर याने दिला. पुस्तकात तो सरळ म्हणतो की ती अफाट ताकदीची दुष्ट अंगठी रस्त्यात पडलेली दिसली तरी मी उचलणार नाही, आणि ती नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोला जाऊ देतो. पिक्चरमध्ये मात्र तो त्याला ओढत ऑस्गिलियाथ या उद्ध्वस्त शहरात नेतो, म्हणजे ड्रामा वाढतो खरा पण माणूस लहान होतो, हे मला आजही पटत नाही.

शेवट तर पूर्णच वेगळा. २००३ च्या पिक्चरमध्ये फ्रोडो आणि त्याचे तीन सोबती परत येतात तर त्यांचं घर, म्हणजे शायर, जसंच्या तसं, शांतपणे बिअर पितात. पुस्तकात गावाची वाट लागलेली असते, सुरुवातीला जिथे मेजवानी होते ते पार्टीचं झाड तोडलेलं बघून फ्रोडोचा सोबती सॅम याला रडू फुटतं, मग तो एल्फ लोकांची स्वामिनी गॅलाड्रिएल हिने दिलेलं बी तिथेच लावतो. ते बी पिक्चरमध्ये नाहीच, कसं चालेल!

पण डोंगराडोंगरावर मदतीसाठी इशारा देणाऱ्या आगी एकामागून एक पेटतात तो सीन, तिथे पिक्चरच भारी, पुस्तकात ते जादूगार गँडाल्फ घोड्यावरून जाता जाता दाखवतो आणि संपतं.