दारावरच्या जुन्या सागवानाला भेग: ठेवायचं, सांधायचं की बदलायचं?

आखाजी (अक्षय्य तृतीया) उरकली की खान्देशात जुन्या घरांची कामं निघतात. प्लास्टर खरवडल्यावर दारावरचं आडवं लाकूड उघडं पडतं, त्यात बोट जाईल एवढी भेग दिसते आणि मिस्तरी लगेच निकाल देतो, "हाई लाकूड बदलनं पडी." त्याचं ऐका, पण भेग आधी स्वतः बघा.

लाकडाच्या रेषांबरोबर लांब गेलेली, आतून काळी पडलेली, धूळ-जाळ्यांनी भरलेली भेग बहुतेक वेळा लाकूड वाळताना पडलेली असते. जळगाव-भुसावळचा मे महिना सोसलेलं लाकूड तडकणारच. ती दिसते भयंकर, पण वजन पेलायच्या कामात सहसा आड येत नाही. घाबरायचं ते रेषा तोडून आडव्या गेलेल्या चिरेला, मग ती केसाएवढी का असेना. दाराच्या मधोमध, खालच्या अंगाला असेल तर जास्तच. लाकूड वाकताना ताण खालच्या बाजूला येतो आणि तुटायला सुरुवात तिथूनच होते. गाठीजवळून तिरकी निघालेली चीरही त्यातलीच. आतला रंग ताजा, उजळ दिसला तर चीर अलीकडची.

खरी गोम मात्र भिंतीत गेलेल्या टोकांत असते. तिथे ओल आणि उधई दोन्ही पोचतात. स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा. कडक लाकडात तो जेमतेम टेकतो, कुजलेल्यात सहज घुसतो. दीड-दोन फुटी मातीच्या भिंतीत अशी दोन-तीन लाकडं शेजारी-शेजारी टाकलेली असतात. पुढचं चांगलं निघालं म्हणून मागचं तपासायचं सोडू नका.

टोकं कडक, लाकूड सरळ आणि भेगा फक्त रेषेतल्या असतील तर काही करू नका. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची खूण करून तारीख लिहा आणि एक पावसाळा जाऊ द्या. सिमेंट मात्र भरू नका. ते लाकडाबरोबर हलत नाही, वर ओल धरतं आणि भेग वाढली तरी दिसू देत नाही.

टोकं शाबूत, पण लाकूड थोडं झुकलंय किंवा चिरलंय, तर दोन्ही अंगांना लोखंडी पट्ट्या लावून आरपार बोल्ट मारता येतात. खालून अँगल द्यायचा तर त्याची टोकं दोन्हीकडे निदान 6 इंच घट्ट भिंतीवर बसायला हवीत.

आडवं तुटलेलं किंवा टोकं गेलेलं लाकूड बदलावंच लागतं, आणि इथे सगळे आरसीसीकडे, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटकडे, धावतात. विटांच्या भिंतीत ते चालतं. मातीच्या भिंतीत हिशेब करा: 5 फूट लांब, दीड फूट रुंद, 6 इंच जाड आरसीसी 250 किलोंच्या वर जातं, तेवढंच सागवान 70 किलोंच्या आसपास. आरसीसीच टाकायचं असेल तर टोकांखाली रुंद सपाट दगड हवा. माझी पसंती पाडलेल्या घरातल्या जुन्या सागाला. ते आधीच वाळून बसलेलं असतं. काहीही बसवा, वर धाब्याची (मातीच्या सपाट छपराची) कडी टेकलेली असेल तर टेकू दिल्याशिवाय जुनं लाकूड हलवू नका.

आणि दाराच्या कोपऱ्यातून भिंतीत तिरकी गेलेली भेग उन्हाळ्यात रुंदावून पावसाळ्यात मिटत असेल, तर दोष बहुधा पायाखालच्या काळ्या मातीचा. अशा वेळी आधी इंजिनियरला पाया दाखवा, लाकडाचं नंतर.