क्लिपवाली मॅक्रो लेन्स आणि दहापट भिंग: परसातल्या एकल माश्या ओळखताना आलेला अनुभव

मोबाईलला अडकवायची क्लिपवाली मॅक्रो लेन्स मी गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ऑनलाइन मागवली. सोबत सोनाराकडे असतं तसलं दहापट भिंगही घेतलं. दोन्ही मिळून हजाराच्या आत. भातकापणी, वालाचा फुलोरा, आंब्याचा मोहोर सगळं यांच्यातून बघून झालं आणि आता पुन्हा मिरग तोंडावर आला आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.

या लेन्सचे बहुतेक रिव्ह्यू 'फुलांचे फोटो झकास येतात' एवढ्यावर संपतात. येतात, खरंच येतात. पण मला फोटो भिंतीवर लावायचे नव्हते, परसात येणारी मधमाशी कोण ते ओळखायचं होतं. त्या कामासाठी माझं मत असं: कुळ नक्की कळतं, बऱ्याचदा प्रजातीपर्यंत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटापर्यंत, पोचता येतं. नेमकी जात मात्र या लेन्सकडून मागू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोटो पाठीचा काढू नका, पोटाचा काढा.

आमचं घर गुहागरकडचं. पुढे नारळ-सुपारी, मागे परसात वाल, तूर, वांगी, चार गुलाब आणि कडेने जांभ्याचा गडगा. मधमाशी म्हटलं की आपल्याकडे आग्या, सातेरी, फुलोरी एवढीच नावं निघतात. जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक पोळं करून राहत नाहीत, त्या एकल माश्या. मादी एकटीच बीळ शोधते, एकटीच परागकण आणते, अंडी घालते, तोंड बंद करते आणि निघून जाते. ना राणी, ना कामकरी, ना मध काढायचा प्रश्न. गडग्यातल्या भोकांत, वाळक्या बांबूत, पडवीच्या वाशाला राहिलेल्या खिळ्याच्या छिद्रात, एवढंच काय विजेच्या सॉकेटमध्येसुद्धा त्यांचा संसार असतो. गुलाबाच्या पानाला कात्रीने कापल्यासारखी गोल खाच दिसली की शेजारपाजारचे अळीचं औषध मारतात. ती खाच अळीची नसते, पानकापी माशीची असते.

या पानकाप्या मेगाकिलिडी कुळातल्या. चार हजारांवर जाती असलेलं हे कुळ ओळखणं या लेन्सला सगळ्यात सोपं जातं, कारण त्यांची खूण ढळढळीत आहे, फक्त ती खालच्या बाजूला आहे. सातेरी परागकण मधाने ओले करून मागच्या पायाच्या टोपलीत गोळी बांधते. परसातल्या इतर बऱ्याच एकल माश्यांच्या मागच्या पायांवर केसांचा झुपका असतो. मेगाकिलिडीच्या मादीचे पराग गोळा करायचे केस मात्र पोटाखाली असतात, दाट, सगळे मागच्या दिशेला झुकलेले. वालाच्या फुलावर बसली की ती शेपटाकडचा भाग वर उचलते. तेव्हा मोबाईल फुलाच्या पातळीला आडवा धरला तर पोटाखालचा तो पट्टा कोरड्या परागांनी माखलेला स्पष्ट दिसतो. वरून फोटो काढलात तर एक काळपट, पट्ट्यापट्ट्यांची माशी. तशा दहा प्रकारच्या सापडतील.

एकदा ही सवय लागली की पुढचं भराभर सुचतं. पोटाखाली केस नाहीत, पण आकार पानकापीसारखाच आणि मागचं टोक भाल्यासारखं निमुळतं, अशी माशी दिसली तर ती कोएलिऑक्सिसची मादी. ही स्वतः घर बांधत नाही. पानकापीने भरून ठेवलेल्या कप्प्यात त्या टोकदार पोटाने आपलं अंडं सरकवते आणि तिची अळी घरमालकाचं अंडं किंवा अळी मारून साठा खाते. पराग गोळाच करायचे नाहीत तर केस हवेत कशाला! हिच्या डोळ्यांवर बारीक केस असतात आणि पंखांच्या मधोमध पाठीवर दोन बाजूंना काटे. काटे लेन्समध्ये लगेच दिसतात. डोळ्यांवरचे केस मात्र ऊन तिरपं असेल तरच. नराचं पोट निमुळतं नसतं, त्याच्या शेवटाला काट्यांचा जुडगा असतो. आमच्या बांबूच्या नळ्यांभोवती ही बाई तासन्‌तास घुटमळत असते, आत कोणी गेलंय का बाहेर आलंय ते बघत.

नळ्यांचा विषय निघालाच आहे तर सांगते. मी पडवीत बांबूच्या कांड्यांची जुडी टांगली आहे, एका बाजूला पेर ठेवून. तोंड कशाने बुजवलंय यावरून बराच अंदाज येतो. पानाच्या चकत्या असतील तर पानकापी. कडेला लांबट तुकडे लावते आणि झाकणाला गोल. डिंकासारखं चिकट काही असेल तर राळ वापरणारी मेगाकिली (पानकापी ज्या प्रजातीतली, तीच ही). माती असेल तर जरा थांबा, कारण मातीने तोंड लिंपणाऱ्या मेगाकिली आहेत आणि लिंपणाऱ्या गांधीलमाश्याही आहेत. आत पिवळे पराग निघाले तर मधमाशी, अळ्या किंवा कोळी निघाले तर कुंभारणीसारखी शिकारीण. पण त्यासाठी नळी फोडावी लागते, म्हणून मी वाट बघते. बाहेर पडणारी माशी तोंडाशी क्षणभर थांबते, तेवढ्यात फोटो.

आता पंख. इथे लेन्सने मला खूश केलं. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेजवळ शिरांनी बनलेले छोटे कप्पे असतात. मेगाकिलिडीत ते दोन, तर लाकूड पोखरणारा भुंगा, निळ्या पट्ट्यांची अमेजिला आणि हॅलिक्टिडी कुळातल्या बहुतेक माश्या यांच्यात तीन. बसलेल्या माशीचे पंख एकावर एक येतात, मग मोजणं कठीण. युक्ती एवढीच की मागे आभाळ येईल असा मोबाईल खालून धरायचा. उजेड पंखातून आरपार येतो आणि शिरा पेनने काढल्यासारख्या उठतात. हॅलिक्टिडीची आणखी एक शीर बघण्यासारखी आहे, पंखाच्या मुळाकडची, जी इतरांत सरळसर असते आणि यांच्यात चांगलीच कमानीसारखी वाकलेली. तुळशीच्या मंजिऱ्यांवर ज्या इवल्याशा काळ्या-हिरवट माश्या असतात, त्यातल्या बऱ्याच मला या एका शिरेवरून कळल्या. याच कुळातली नोमिया थोडी मोठी, तिच्या पोटावरचे पट्टे मोत्यासारखे चकचकीत. ते केस नसून कवचाचाच रंग असतो, लेन्समध्ये फरक लगेच समजतो.

रंगावर मात्र विसंबू नका. अमेजिलाच्या पोटावरचे निळसर पट्टे बघून सगळे हरखतात, आणि ती आहेच तशी. पण ते पट्टे बारीक केसांचे आहेत. महिनाभर फुलांत शिरून शिरून केस झिजतात, पट्टा फिका होतो, कधी जवळजवळ जातोच. त्यात थायरियस नावाची दुसरी माशी काळ्या अंगावर निळे ठिपके मिरवते, आणि ती अमेजिलाच्याच घरात अंडी घालणारी निघते. ठिपके की पट्टे हे बघायचंच, पण पुढे मागच्या पायांकडेही बघा. अमेजिलाच्या मादीच्या पायावर पराग धरणाऱ्या केसांचा झुपका असतो, थायरियसच्या नसतो. कारण कोएलिऑक्सिसचंच.

अमेजिलाला मी खूप वेळ दिला, कारण आमची वांगी तिच्या जिवावर आहेत. वांग्याच्या फुलात पराग नळीत कोंडलेले असतात, टोकाच्या भोकातूनच बाहेर पडतात. अमेजिला फुलाला मिठी मारून अंग थरथरवते, आवाज एकदम बारीक होतो आणि पराग तिच्या अंगावर सांडतात. सातेरीला हे जमत नाही. सासूबाईंना हे दाखवलं तर म्हणाल्या, "आवाज तर मला लहानपणापासून ठाऊक आहे गो, पण करते कोण ते आज बघितलं." हा प्रसंग फोटोत मात्र नीट येत नाही, सगळं हलतं. व्हिडिओ काढा.

फोटो काढायची खरी वेळ संध्याकाळची आणि पहाटेची. दिवसा दोन-तीन सेंटिमीटरवर मोबाईल न्यायचा म्हणजे माशी उडालीच, त्यात समुद्राकडून वारा सुटला की फूल एका जागी राहत नाही. सूर्य बुडायला आला की अमेजिलाचे नर एखाद्या वाळक्या काडीवर ओळीने जमतात, जबड्याने काडी चावून धरतात आणि तसेच लोंबकळत रात्र काढतात. पहाटे दवात ते गारठलेले असतात, तेव्हा मनाजोगते फोटो मिळतात. अडचण एवढीच की हे नर, त्यांना पराग गोळा करायचे केस नसतात. मग नर की मादी ते ठरवायला मिशांचे मणके मोजायचे. मादीच्या मिशीला बारा मणके, नराच्या तेरा. पोटाचे दिसणारे खंड मादीत सहा, नरात सात. फोटो मोठा करून मोजता येतात, डोळ्याला ताण पडतो खरा. नराला नांगी नसते, त्यामुळे शेजारच्या मुलांना मी निर्धास्तपणे जवळ बोलावते. मादी दाबली गेली तर डसू शकते, पण पोळं राखायचं नसल्यामुळे अंगावर धावून येत नाही. "काकू, ही गांधीलमाशी ना?" हा प्रश्न अजून रोज येतो.

आता कटकटी. माझ्या फोनला मागे तीन कॅमेरे आहेत. वस्तू जवळ आली की फोन आपलं डोकं चालवून दुसऱ्या कॅमेऱ्यावर उडी मारतो आणि क्लिप राहते भलत्याच डोळ्यावर. सेटिंगमध्ये जाऊन हा आपोआप बदल बंद केला तेव्हा कुठे लेन्स कामाला लागली. हे बॉक्सवर कुठेही लिहिलेलं नाही. फोनचं मागचं कव्हर काढावंच लागतं, नाहीतर कोपरे काळे येतात. आणि बॉक्सवरच्या 'पंधरापट'कडे लक्ष देऊ नका. पट जास्त म्हणजे लेन्स माशीच्या आणखी जवळ न्यावी लागणार आणि एका वेळी स्पष्ट दिसणारा थर आणखी पातळ होणार. डोळा स्पष्ट आला तर पोट धूसर, पोट आलं तर पंख धूसर. एका माशीचे दहा-बारा फोटो काढायची तयारी ठेवा.

कोकणातल्या हवेने क्लिपच्या स्प्रिंगला दोन महिन्यांत गंज चढवला, रबर घामाने चिकट झालं. काचेवर श्रावणात बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसायला लागतील अशी धास्ती होती, म्हणून पहिल्या दिवसापासून सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. काच अजून स्वच्छ आहे. पुड्या अधूनमधून कढईत गरम करून वाळवाव्या लागतात.

माशी डबीत घालून पाच-दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायची, ती सुस्तावली की फोटो काढायचे आणि मग सोडून द्यायची, ही पद्धत बरेच जण सांगतात. चालते. पण आमच्याकडे डबी बाहेर काढली रे काढली की दमट हवेने काच आणि माशी दोन्ही घामेजतात आणि केस अंगाला चिकटतात, म्हणजे जे बघायचं तेच जातं. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या सकाळी ठीक, एरवी नको.

भिंगाबद्दल थोडक्यात. दहापट भिंगाचं अंतर अडीच सेंटिमीटर, ते डोळ्याला टेकवून वस्तू त्याच्याकडे आणायची, भिंग वस्तूकडे न्यायचं नाही. जिवंत माशीवर त्याचा उपयोग कमी. पण खिडकीच्या कट्ट्यावर, ट्यूबलाइटच्या पट्टीत, कोळ्याच्या जाळ्यात मेलेल्या माश्या मिळतात, त्या चिमट्याने धरून बघायला भिंगाइतकं सोयीचं काही नाही. पानकापीच्या जबड्याच्या दातांमधली कापायची धार मी अशीच बघितली. राळ किंवा माती वापरणाऱ्या मेगाकिलीत ती धार सहसा नसते, म्हणजे जबडा बघून तिचं घर कशाचं असेल ते सांगता येतं.

जिथे लेन्स आणि भिंग दोन्ही हार मानतात त्या गोष्टीही आहेत. नख्यांच्या मधली बारीक गादी मेगाकिलीत नसते, तिच्या काही नातेवाईकांत असते. ती माझ्या लेन्समध्ये कधीच खात्रीने दिसली नाही. नराची जात ठरवायला लागणारे पोटातले अवयव तर सूक्ष्मदर्शकाखाली उघडूनच बघावे लागतात. चार्ल्स बिंगहॅमने 1897 मध्ये भारतातल्या गांधीलमाश्या आणि मधमाश्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याची ओळख-कोष्टकं आजही कामाला येतात, पण बरीच नावं नंतर बदलली आहेत. मोबाईलमधली ॲप पाठीच्या फोटोवरून बेधडक जातीचं नाव सांगतात. मी तेवढं धरून बसत नाही. पोट, पंख आणि चेहरा असे तीन फोटो असले तर जाणकार माणूस निदान प्रजातीवर बोट ठेवतो.

घ्यायची असेल तर स्वस्तातली एकच मॅक्रो लेन्स घ्या. फिशआय, वाइड वगैरे पाच लेन्सचा सेट येतो त्यातल्या चार डब्यातच राहतात. क्लिप धातूची असेल तर स्प्रिंगवर सुरुवातीलाच मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. आल्याबरोबर वहीच्या रेघांच्या कागदाचा फोटो काढा. रेघा कडेला वाकत असतील किंवा एकीकडून जांभळट दिसत असतील तर परत करायची मुदत संपायच्या आत पाठवून द्या. माझी पहिली तशीच निघाली, बदलून आलेली आजवर चालते आहे. भिंग घेताना काच आणि मूठ यांच्यातला स्क्रू घट्ट आहे ना तेवढं बघा. माझा ढिला होता, नखपॉलिश लावून बसवला.