रिमोट सर्व्हरवर कमांड लाइन: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

१ जीबी रॅम, एक कोअर, २५ जीबी डिस्क. मुंबईतल्या डेटा सेंटरमधला भाड्याचा व्हीपीएस (मोठ्या सर्व्हरचा आभासी तुकडा) आणि त्यावर उबंटू २४.०४ हे लिनक्स. डेस्कटॉप नाही, माउस नाही. लॅपटॉपच्या टर्मिनलमधून एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन) करायचं आणि काय ते टाइप करूनच. आठ महिने रोज वापरल्यावरचं मत: लिनक्स शिकायला याहून चांगली जागा नाही. फक्त एक फरक आधी समजून घ्या. घरच्या मशीनवर काही बिघडलं तर पेनड्राइव्ह लावून बूट करता येतं. इथे रोजचं दार एकच, एसएसएचचं, आणि ते आपल्याच हाताने बंद होऊ शकतं. म्हणून एलएस, सीडी, ग्रेप अशा कमांड पाठ करण्याआधी हे दार सांभाळायला शिका.

पहिलं लॉगिन बहुधा रूटने (सर्व अधिकार असलेल्या युजरने) होतं. लगेच ॲडयूझरने स्वतःचा युजर बनवा, त्याला पासवर्ड द्या आणि सुडो गटात घाला, म्हणजे गरजेला रूटचे अधिकार वापरता येतात. मग की (पासवर्डऐवजी लॉगिनला चालणारी फाइलींची जोडी) बनवायची, ती लॅपटॉपवर, सर्व्हरवर नव्हे. एसएसएच-कीजेनला ईडी२५५१९ प्रकार सांगा, आणि एसएसएच-कॉपी-आयडीने जोडीतली पब्लिक की सर्व्हरवर पाठवा. तरीही पासवर्ड विचारत राहिला तर आधी परवानग्या तपासा. होममधलं एसएसएचचं लपलेलं फोल्डर ७०० (फक्त मालकाला सगळे अधिकार), त्यातली ऑथराइज्ड_कीज ही फाइल ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल), आणि खुद्द होम डिरेक्टरी गटाला लिहिता येईल अशी नको. लॅपटॉपवर याचं कारण दिसतच नाही. सर्व्हरवर जर्नलसीटीएलने एसएसएचचा लॉग उघडला की ‘बॅड ओनरशिप ऑर मोड्स’ ही ओळ सापडते.

आता पासवर्डने लॉगिन बंद करायचं. इथे अनेकजण फसतात, म्हणून थोडं सविस्तर. एसएसएचडी_कॉन्फिग या सेटिंगच्या मुख्य फाइलमध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन नो’ लिहिलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली, आणि तरी पासवर्ड चालतोच! कारण असं की मुख्य फाइलच्या वरच्या भागातली इन्क्लूडची ओळ शेजारच्या ‘.डी’ फोल्डरमधल्या ‘.कॉन्फ’ फाइली आधी वाचते, आणि ओपनएसएसएचमध्ये पहिल्यांदा वाचलेली किंमत कायम राहते. त्या फोल्डरात ५०-क्लाउड-इनिट नावाची फाइल असते, आणि बऱ्याच व्हीपीएसवर तिच्यात ‘येस’ लिहिलेलं असतं. मुख्य फाइल कितीही बदला, उपयोग शून्य. त्याच फोल्डरात ०१ ने सुरू होणारी स्वतःची ‘.कॉन्फ’ फाइल ठेवा आणि ‘नो’ तिच्यात लिहा. मग सुडोने एसएसएचडी -टी (छोटा टी) मारा: फाइलीतल्या चुका कळतात. मोठ्या टीने प्रत्यक्षात लागू होणाऱ्या किमती दिसतात. त्यात ‘नो’ दिसल्याशिवाय काम झालं असं समजू नका. रीस्टार्टनंतरही चालू विंडो बंद करायची नाही. दुसरी विंडो उघडून नवं लॉगिन होतंय हे पाहा, मगच पहिली सोडा.

फायरवॉलचंही तेच. यूएफडब्ल्यू सुरू केला की बाहेरून येणारं सगळं अडतं. आधी ‘अलाऊ ओपनएसएसएच’, मग ‘इनेबल’. इनेबल करताना चालू एसएसएच तुटू शकतं अशी सूचना देऊन तो वाय की एन विचारतो. तिथे सवयीने वाय दाबू नका, अलाऊ झालंय हे आधी पाहा. एसएसएचचा पोर्ट (जोडणीचा क्रमांक) २२ बदलण्याच्या फंदात सुरुवातीला पडू नये. या उबंटूत पोर्ट सिस्टमडीच्या (सर्व्हिस चालवणाऱ्या व्यवस्थेच्या) सॉकेटकडे असतो, त्यामुळे नुसती सर्व्हिस रीस्टार्ट करून भागत नाही. डीमन-रीलोड करून एसएसएच.सॉकेट रीस्टार्ट करावं लागतं. तरीही बाहेर अडकलात तर होस्टिंगच्या पॅनेलमधला वेब कन्सोल वापरा. तिथे की चालत नाही, पासवर्ड लागतो. म्हणूनच वर पासवर्ड द्यायला सांगितलं.

टीमक्स (सर्व्हरवर टर्मिनलचं काम चालू ठेवणारा प्रोग्राम) पहिल्याच आठवड्यात शिका. नेट तुटलं की शेलबरोबर चालू कमांडही मरते, आणि ती ॲप्ट अपग्रेड (सॉफ्टवेअर अपडेट) असेल तर पॅकेजेस अर्धवट राहतात. मग ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ मारून सावरावं लागतं. टीमक्समध्ये कंट्रोल-बी दाबून सोडलं आणि मग डी दाबलं की बाहेर, ‘टीमक्स अटॅच’ केलं की काम होतं तिथेच. आणि स्क्रीन अचानक गोठली तर सर्व्हर बंद पडला असं समजून घाबरू नका: सेव्ह करायच्या सवयीने कंट्रोल-एस दाबलं गेलेलं असतं. कंट्रोल-क्यू दाबा, सुटते.

१ जीबी रॅम वेबसाइट आणि डेटाबेसला पुरते, पण काठावर. मोठी बिल्ड (कोडपासून प्रोग्राम बनवणं) नुसतं ‘किल्ड’ लिहून थांबली तर डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांत) आउट ऑफ मेमरी शोधा. २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) बनवा, परवानगी ६००, आणि एफस्टॅबमध्ये (बूट होताना वाचल्या जाणाऱ्या यादीत) नोंद करा, नाहीतर रीबूटनंतर ती लागू होत नाही.

डिस्क भरल्यावर मोठा लॉग आरएमने (फाइल पुसणारी कमांड) उडवला, तरी डीएफमध्ये (डिस्कची जागा दाखवणारी कमांड) जागा मोकळी दिसत नाही. प्रोसेसने फाइल उघडी धरलेली असते. ती रीस्टार्ट केल्यावर जागा सुटते. लॉग रिकामाच करायचा तर ट्रंकेटने शून्यावर आणा.

सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) असतं. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सर्व्हिस) रात्री २ चा बॅकअप लावला तर तो आपल्याकडे सकाळी ७:३० ला, ऐन कामाच्या तयारीत चालतो. टाइमडेटसीटीएलने एशिया/कोलकाता करा, आणि नंतर क्रॉनही रीस्टार्ट करा. तो जुन्याच वेळेवर चालत राहू शकतो.