फुगलेली बॅटरी, सर्व्हिस सेंटर आणि १९१५ हेल्पलाइन

सर्व्हिस सेंटरला एक स्टार, १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, पूर्ण पाच. कंपनीचं नाव टाकत नाही कारण आमचा हिशोब अजून बाकी आहे.

यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, फोन लहान भावाचा. बॅटरी फुगून मागचं झाकण एका बाजूनं इतकं उचललं की बोटाचं नख आत जाय, टेबलावर ठेवला की भोवऱ्यासारखा फिरे. त्या लॉटचे फोन कंपनीनं स्वतःच परत बोलावले होते, स्टार-हॅश-०६-हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, काढला, साइटवर टाकला तर आमचा नंबर त्यात निघाला, म्हणजे वाद करायला काही उरलंच नव्हतं. तरी सेंटरवरचा पोरगा म्हणे, "भाऊ, फोन ठेवून जा, पार्ट आला की कॉल करतो." जॉबशीट, म्हणजे फोन जमा केल्याची पावती, मागितली तर सिस्टिम बंद. पैसे वापस करा म्हटलं तर म्हणे, "तसं काही नसते."

असते ना बाप्पा, कसं नसते! ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक माल बाजारातून परत बोलवायचा अन घेणाऱ्याला त्याची किंमत परत द्यायला लावायचा अधिकार आहे. जिल्हा ग्राहक आयोग तर दोष दुरुस्त करून द्या, नवा द्या, पैसे परत करा, वरून नुकसानभरपाई द्या असंही सांगू शकतो. कंपनी फोन परत घेऊन राहिली म्हणजे आपल्यावर उपकार करून राहिली असं समजून आपले लोक गुमान ठेवून येतात, याचंच मला वाईट वाटते. २००७ मध्ये नोकियानं बीएल-५सी बॅटरीबद्दल असंच जाहीर केलं होतं, ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या होत्या जगभरात, तेव्हा लोक बॅटरी काढून मागचा नंबर तपासून पाहत अन त्यात बसली तर नवी फुकट मिळे.

आता नुकसान म्हणजे फक्त फोनची किंमत नाही हे नीट समजून घ्या. ऐन ई-पीक पाहणीच्या, म्हणजे मोबाइलवरून पिकाची सरकारी नोंद करायच्या, दिवसात आमचा फोन गेला. वावरात उभं राहून कपाशीचा फोटो काढावा लागते, लोकेशन लागते, आणि भाऊ दुसऱ्याच्या फोनसाठी गावभर फिरून राहिला. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, सगळं तक्रारीत लिहा, तिकिटं फेकू नका.

तालुक्याच्या दुकानदाराचं मात्र चांगलं नाव घेतो. त्यानं पहिल्यापासून पक्कं बिल दिलं होतं, आयएमईआय टाकून. आमच्याकडे बरेच जण कच्च्या चिठ्ठीवर फोन विकतात, पण बिल न देणं हीच कायद्यानं अनुचित व्यापार प्रथा आहे, म्हणून मागून घेत जा, लाजू नका.

१९१५ वर मराठीत बोलता येते. तिकडच्या ताईनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं, तक्रार नंबर दिला, तक्रार कंपनीकडे पाठवली. ते हुकूम काढू शकत नाहीत, हे लक्षात ठेवा, पण कंपनीचा फोन आला अन त्याच सेंटरवर सिस्टिम चालू झाली, जॉबशीट मिळाली. किंमत परत आली. भाड्याचं अन मजुरीचं मात्र अजून टाळून राहिले.

ते नाही दिलं तर यवतमाळच्या जिल्हा आयोगात जातो. कंपनीचं ऑफिस मुंबईत का दिल्लीत असो, आपण राहतो तिथंच तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतच नाही, ऑनलाइन पण होते. दोन वर्षांची मुदत असते म्हणून उगाच थांबू नका. दुकानदार अन कंपनी दोघांनाही पार्टी करता येते.

आणि त्याच लॉटचा फोन कोणाकडे असेल तर चार्जिंगला लावू नका, उशाशी घेऊन झोपू नका, फुगलेली बॅटरी दाबून झाकण बसवायच्या भानगडीत तर बिलकुल पडू नका. आधी फोटो काढा, मग सेंटरवर न्या, अन जॉबशीट हातात आल्याशिवाय फोन सोडू नका.