फंडेड पीएचडी, विषय शेतीचं समाजशास्त्र: चार तारे, पाचवा अडकला

आधी पैशाचं सांगते, कारण मेसेज करणारे सगळे तेच आधी विचारतात. मानधन वेळेवर आलं. फी भरावी लागली नाही. फिल्डवर्कच्या प्रवासाला वेगळी रक्कम होती आणि ती पुरली. नोकरी सांभाळून पीएचडी करणारे माझे सोबती सुट्टीच्या दिवशी घाईघाईत मुलाखती उरकायचे. मला शेतकऱ्याला सवड असेल तेव्हा जाता यायचं. शेतकऱ्याची सवड सुट्टी बघून येत नाही, त्यामुळे हा फायदा फार मोठा. या बाबतीत कुरकुरीला जागा नाही.

माझा विषय होता दूध-व्यवसायावर चालणारी शेतं पुढच्या पिढीकडे कशी जातात हा. कोण राहतं, कोण निघून जातं, जमीन कोणाच्या नावावर होते आणि काम कोणाच्या अंगावर पडतं. जाहिरातीत नुसतं ‘शेतीचे व ग्रामीण जीवनाचे सामाजिक पैलू’ असं मोघम लिहिलेलं असतं. त्यात वारसाहक्कापासून हंगामी मजुरांपर्यंत आणि शेतकऱ्याच्या एकटेपणापासून गावची शाळा बंद पडण्यापर्यंत काहीही बसतं. कृषी पदवी असलीच पाहिजे असं नसतं; समाजशास्त्र, मानवशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, कुठूनही आलेले लोक भेटतात. गाईच्या जवळ जायला भिणारेही भेटतात. ते सुधारतात.

आता पाचव्या ताऱ्याचं. या पैशासोबत दोन गोष्टी बांधून येतात, एक घड्याळ आणि दुसरा प्रश्न. दोन्ही तुमचे नसतात.

घड्याळ आधी. फेलोशिपची मुदत महिन्यांत मोजतात. युरोपियन युनियनच्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कमध्ये ती साधारण 36 महिने असते. नेदरलँड्समध्ये पीएचडी करणारा बहुधा 4 वर्षांच्या करारावरचा पगारी कर्मचारी असतो. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) जेआरएफ आणि एसआरएफ या कनिष्ठ आणि वरिष्ठ संशोधन फेलोशिप मिळून 5 वर्षं होतात. कागदावर ऐसपैस वाटतं. पण शेती महिन्यांवर नाही, हंगामांवर चालते. सुरुवातीचा काळ वाचन, आराखडा आणि एथिक्स कमिटीच्या, म्हणजे मुलाखती देणाऱ्यांचं हित सांभाळलं जातं का हे बघणाऱ्या समितीच्या, मंजुरीत जातो, शेवटचा लिहिण्यात. मधे जे हंगाम उरतात ते बोटांवर मोजावेत इतकेच, आणि त्यातला एखादा भाव पडल्याचा किंवा जनावरांच्या साथीचा निघाला की संपला विषय. त्या वर्षी ज्याला विचाराल तो म्हणणार, पोरानं यात पडू नये. पुढच्या वर्षी भाव सुधारले की तोच माणूस गोठा वाढवायची भाषा करतो. दोन्ही वेळा तो खरंच बोलत असतो. तुमच्या थीसिसमध्ये मात्र त्यातलं एकच येतं, कारण दुसऱ्या हंगामाला पैसे उरलेले नसतात.

एक प्रसंग सांगते, म्हणजे हे घड्याळ प्रत्यक्षात कसं चावतं ते कळेल. दूध काढायच्या वेळी गोठ्यात उभी राहून मुलाखत घेत होते, कारण शेतकरी तेवढाच वेळ द्यायला तयार होता. यंत्राची टकटक चालू, रेकॉर्डर खिशाला अडकवलेला, आणि माझ्या हातात अनेक पानी संमतीपत्र. त्याचे हात कोपरापर्यंत ओले. सही करायला पेन धरता येईना, तेव्हा बायकोनं कागद घेतला, भिंतीला टेकवला आणि त्याला बोटं पुसायला फडकं दिलं. पुढे मी विचारत गेले आणि तो सांगत गेला, पण प्रत्येक आकडा तिनं दुरुस्त केला. किती लिटर, कर्जाचा हप्ता किती, कोणती गाय कधी विकली. तो म्हणायचा ‘साधारण’, ती म्हणायची नेमकं. हिशोबाची वही तिच्याकडे होती. प्रकल्पानं ठरवून दिलेल्या प्रश्नावलीत मात्र ‘मुख्य शेतकरी’ असा एकच रकाना, आणि त्यात त्याचं नाव. मंजुरीही दर शेताला एकाच व्यक्तीच्या मुलाखतीची.

तिची वेगळी, सविस्तर मुलाखत घ्यायची तर सुधारित अर्ज करायला हवा होता. केला. कमिटीनं शंका काढल्या, मी उत्तरं दिली, पुन्हा शंका निघाल्या. मंजुरी हातात पडली तेव्हा गाई विण्याचा हंगाम सुरू झाला होता आणि त्या घरात कोणाला धड जेवायलाही सवड नव्हती. मुदतवाढ मागितली, तर विनामानधन मिळेल असं उत्तर आलं. अशा घरांमधल्या बायकांच्या मुलाखतींचं प्रकरण माझ्या थीसिसमधलं सगळ्यात बारीक प्रकरण आहे. ते सगळ्यात जाड असायला हवं होतं.

दुसरी बांधून आलेली गोष्ट म्हणजे प्रश्न. माझ्या मानधनाचा काही वाटा उद्योगातल्या एका भागीदार संस्थेकडून होता. अशा जागा आता बऱ्याच असतात आणि त्यात वावगं काही नाही. ओळखीपाळखीशिवाय जी दारं उघडली नसती ती त्यांच्यामुळे उघडली. त्यांना जाणून घ्यायचं होतं की तरुण शेतकरी डिजिटल साधनं का घेत नाहीत. मुलाखतींमधून दिसलं ते असं, की अनेक घरांत सही वडिलांची चालते. पोरगं चाळिशीला आलं तरी चेकबुक बापाच्या कपाटात. म्हणजे अडचण साधनाची नव्हतीच. भागीदारांनी ते शांतपणे ऐकलं आणि पुढच्या बैठकीत विचारलं, मग ॲप सोपं केलं तर?

या शाखेत हे दुखणं जुनं आहे. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांचा 1943 सालचा, अमेरिकेच्या आयोवा राज्यातला अभ्यास सगळ्यांना शिकवतात. 259 शेतकऱ्यांना विचारून त्यांनी संकरित मक्याचं बियाणं कसं पसरत गेलं ते मांडलं. काम अव्वल आहे. पण प्रश्न ‘कोणी कधी घेतलं’ हाच होता, ‘घेतल्यावर कोणाचं काय झालं’ हा नव्हता. त्या दुसऱ्या धाटणीचा प्रश्न, म्हणजे शेतीच्या बदलत्या रूपानं गावाचं काय होतं, विचारणारा मानवशास्त्रज्ञ वॉल्टर गोल्डश्मिट. त्यानं अमेरिकी कृषी खात्यासाठी कॅलिफोर्नियातली आर्विन आणि दिनुबा ही दोन गावं 1944 च्या सुमारास तपासली. आर्विनभोवती मोठाली शेतं, दिनुबाभोवती लहान. लहान शेतांच्या दिनुबात दुकानं, शाळा, बागा, संस्था, सगळंच जास्त निघालं. बड्या शेतमालकांनी इतका गदारोळ केला की अभ्यासाचा ठरलेला पुढचा टप्पा गुंडाळावा लागला. आपल्या अहवालावर कोणी एवढं चिडावं, असं मलाही वाटतं. माझ्यावर कोणी चिडलं नाही.

बाकीचं थोडक्यात. संशोधन-पद्धतींचं प्रशिक्षण चांगलं होतं; मुलाखतींचं कोडिंग, म्हणजे बोलण्यातल्या मुद्द्यांना खुणा देऊन त्यांची वर्गवारी करणं, तिथेच शिकले आणि ते आज नोकरीत उपयोगी पडतं. गाईड भला माणूस होता, मेलला उत्तर द्यायचा, ही किती मोठी गोष्ट आहे ते पीएचडीवाल्यांना सांगायला नको. ट्रान्सक्रिप्टला तरतूद नव्हती. शांत खोलीतली तासभराची मुलाखत उतरवायलाही चार-पाच तास सहज जातात; गोठ्यातली, यंत्राच्या आवाजातली, त्याहून किती तरी जास्त खाते. आणि ज्यांनी वेळ दिला त्या शेतकऱ्यांसाठी अख्ख्या बजेटमध्ये एक रकाना नव्हता. परिषदेतल्या चहापानाला होता.

मग घ्यावी का? घ्या. विनाफंड करण्यापेक्षा शंभर पटीनं बरी. फक्त होकार कळवण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: एखादा हंगाम वाया गेला तर मानधनासह मुदतवाढ मिळते का, प्रश्नावली बदलायचा अधिकार कोणाला, आणि निष्कर्ष भागीदाराला आवडले नाहीत तरी छापता येतात का. तिसऱ्याचं उत्तर ‘आपण तेव्हा बघू’ असं आलं, तर दुसरी जाहिरात शोधा. आणि एथिक्सचा अर्ज भरताना ‘मुख्य शेतकरी’ न लिहिता ‘शेतावर काम करणारी घरातली प्रत्येक प्रौढ व्यक्ती’ असं पहिल्या दिवशीच लिहा. एका ओळीचं काम आहे, नंतर त्यालाच महिने लागतात.