मेलाटोनिन घ्यायचंच असेल, तर किती मिलिग्रॅम?

आमच्या अप्पांची निम्मी हयात यंत्रमागावर रात्रपाळीत गेली. आता रात्र मोकळी आहे, तर झोप नाही. भावकीतल्या एकाने ‘म्हातारपण लांबतं’ म्हणून मेलाटोनिनच्या, म्हणजे अंगात रात्री तयार होणाऱ्या झोपेच्या संप्रेरकाच्या, 10 मिलिग्रॅमच्या गोळ्या आणून दिल्या. दुसऱ्या दिवशी अप्पा कडक भाकरी कुस्करता कुस्करता ताटावरच पेंगायला लागले.

म्हातारपण लांबण्याचं आधी बाजूला ठेवा. तसे प्रयोग उंदरांवर झालेत. माणसाचं आयुष्य वाढल्याचा पुरावा नाही. राहिला प्रश्न झोपेचा, आणि तिथे जास्त म्हणजे चांगलं हे गणित चालत नाही.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या रिचर्ड वुर्टमन यांच्या गटाने 2001 मध्ये पन्नाशीपुढच्या, झोप न येणाऱ्या लोकांना वेगवेगळे डोस देऊन पाहिले. सगळ्यात चांगली झोप लागली 0.3 मिलिग्रॅमने. 3 मिलिग्रॅमनेही लागली. पण अंगाचं तापमान उतरलं आणि दिवस उजाडल्यावरही औषध रक्तात शिल्लक होतं. अडचण एवढीच, की सोलापूरच्या नवी पेठेत मी विचारलं तिथे 3, 5 आणि 10 पुढे आल्या, 0.3 कुठेच नाही.

दुसरी निवड 2 मिलिग्रॅमची, हळूहळू विरघळणारी गोळी. युरोपात 2007 पासून ती 55 वर्षांपुढच्यांसाठी मंजूर आहे, फार तर 13 आठवडे. साध्या गोळीचा अंमल लवकर ओसरतो, म्हणून मध्यरात्री जाग येणाऱ्यांना ही बरी. मात्र ती तोडायची नाही, चावायची नाही.

10 ची गरज मला कुठेच दिसली नाही. गमीज, म्हणजे चघळायच्या जेलीसारख्या गोळ्या, तर नकोच: अमेरिकेत 2023 मध्ये 25 प्रकार तपासले, त्यातल्या 22 मध्ये लेबल एक आणि आतला माल भलताच. एकात तर मेलाटोनिनच नव्हतं!

रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा रक्तदाबाची निफेडिपिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीच नको. जुनाट निद्रानाशाला मेलाटोनिन वापरू नये, असाच कल अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने 2017 मध्ये दिला होता. (आणि एप्रिलात सोलापुरात स्लॅबखाली झोपायचं असेल, तर गोळीला कशाला दोष द्यायचा?)

डॉक्टरांना विचारून अप्पा सध्या साधी 3 ची निम्मी घेतात, झोपायच्या तासभर आधी. पहिल्या दिवशी अडकित्त्याने तोडायला गेले. अर्धी हातात राहिली, अर्धी पलंगाखाली गेली. आता गोळ्या कापायची डबी आणली आहे.