मिन्स्ट्रेल: वाय-फायचा वेग त्यालाच ठरवू द्यावा

माझ्या जुन्या राउटरवर कंपनीचे मूळ फर्मवेअर (यंत्रात आधीच बसवलेले सॉफ्टवेअर) होते, तोवर स्वयंपाकघरातून केलेला व्हिडिओ कॉल हमखास अडखळत असे आणि आतमध्ये नेमके काय बिघडते आहे, हे कुठेच दिसत नसे. त्यातील वाय-फाय चिप लिनक्सच्या एथनाइनके या ड्रायव्हरवर (चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालणारी असल्याने राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे लिनक्सवर आधारित मुक्त फर्मवेअर चढवले आणि लिनक्समधील मिन्स्ट्रेल या स्वयंचलित वेगनियंत्रकाशी गाठ पडली.

हा नियंत्रक सिग्नलच्या ताकदीवर विसंबत नाही. कोणत्या वेगाने पाठवलेल्या किती फ्रेमची (वाय-फायवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांची) पोच आली, याचा हिशेब तो ठेवतो (मूळ रचनेत दर १०० मिलिसेकंदांनी तो नव्याने मांडला जातो) आणि अधूनमधून एखादी फ्रेम मुद्दाम दुसऱ्या वेगाने पाठवून पाहतो. सेकंदाला ६५ मेगाबिटने दहांतील चारच फ्रेम पोहोचत असतील आणि ३९ मेगाबिटने नऊ, तर हाती सुमारे २६ आणि ३५ मेगाबिट लागतात. म्हणून तो ३९ निवडतो. ‘आरसी स्टॅट्स’ या फाइलमध्ये हे सारे उघड दिसते. फोन बैठकीच्या खोलीत असताना सर्वोत्तम वेगाची खूण असलेले ‘ए’ हे अक्षर एमसीएस ७ च्या ओळीत होते (एमसीएस म्हणजे वेगाच्या पायरीचा क्रमांक; ७ म्हणजे ६५ मेगाबिट, ४ म्हणजे ३९), ओट्यापाशी गेल्यावर ते ४ वर उतरले आणि फ्रिजच्या आड ३ वर.

एवढे दिसल्यावर हात शिवशिवले. वेग ६५ वरच जखडून पाहिला, तर फसलेली फ्रेम पुन्हा पाठवतानाही तोच वेग वापरला जाऊ लागला आणि कॉल पूर्वीपेक्षा वाईट तुटू लागला. कामाचा बदल एकच ठरला: ८०२.११बी या वाय-फायच्या जुन्या मानकाचे वेग बंद ठेवणे. १,५०० बाइटचा मजकूर १ मेगाबिटने पाठवायला १२ मिलिसेकंद लागतात, ५४ मेगाबिटने पाव मिलिसेकंदही लागत नाही, आणि तेवढा वेळ त्या चॅनलवरील बाकी सर्वांना थांबावे लागते. केवळ ‘बी’ जाणणारे एखादे पुरातन यंत्र घरात असेल, तर मात्र ते यामुळे जोडले जाणार नाही.

उणिवाही आहेत. शेजारच्या राउटरशी टक्कर होऊन फ्रेम गेली की सिग्नल क्षीण म्हणून गेली, हे मिन्स्ट्रेलला कळत नाही, त्यामुळे गर्दीच्या वेळी तो विनाकारण खाली उतरतो. शिवाय फोनकडून राउटरकडे येणारा वेग फोनच ठरवतो. नवा राउटर घेणाऱ्याने चिपही पाहून घ्यावी, कारण एथटेनके या ड्रायव्हरवर चालणाऱ्या चिपांमध्ये वेगाचा निर्णय चिपच्या स्वतःच्या फर्मवेअरमध्ये होतो आणि मिन्स्ट्रेलला तेथे काही कामच उरत नाही.